हरिओमला ऊन सोसत नाही

हरिओम रेणापूरला जन्मला, इथूनच चूक सुरू झाली. त्याच्यासारख्या माणसानं एखाद्या दाट जंगलात नाहीतर कोळशाच्या खाणीत जन्म घ्यायचा असतो. लातूर जिल्ह्यात मार्च लागला की कावळेसुद्धा झाडाची कोणती बाजू कधी धरायची हे ठरवून बसतात. अशा ठिकाणी ग्यानोबा आणि गुणाबाईच्या पोटी एक मुलगा झाला आणि त्याला ऊन सोसेना.

लहानपणी त्याला अंगणात सोडलं की थोड्याच वेळात तो हात झटकत, नाक चोळत, ओरडत घरात येई आणि पाण्याच्या रांजणाला गाल लावून बसे. अंगावर बघावं तर काही नाही. फोड नाही, पुरळ नाही, चट्टा नाही. कधी बोटं सुजल्यासारखी वाटत, पण लहान मुलांची बोटं तशीही गुबगुबीतच असतात. जळजळ मात्र त्याच्या म्हणण्याप्रमाणे रात्रभर चाले आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसलं की पुन्हा जागी होई.

गुणाबाईनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उष्णता आहे. मराठवाड्यात उष्णता हा असा आजार आहे की त्यात बाकीचे सगळे आजार मावतात. मग सब्जा झाला, गुलकंद झाला, तळपायाला काशाच्या वाटीनं तूप घासून झालं. गुलकंद हरिओमला आवडला. उपचारांचा तेवढाच गुण आला.

ग्यानोबाचं मत वेगळं होतं. पोराला सवय नाही, असं तो म्हणे. खोंडाला औताला शिकवायचं तर आधी नुसतं जू मानेवर ठेवतात, मग रिकामं औत ओढायला लावतात, मग काम. त्याच रीतीनं त्यानं पोराला ऊन शिकवायला घेतलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला बांधावर बसवायचं, रोज कालच्यापेक्षा जरा जास्त. खोंड शिकतात. हरिओम शिकला नाही. एके दुपारी तो बांधावर दिसेना म्हणून हाका मारत सगळं शिवार पालथं घातलं, तर पोरगा विहिरीच्या पायरीवर गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला. वर बघून म्हणाला, "बाबा, मी इथं बसून शिकतो."

ग्यानोबानं शिकवणं बंद केलं. चार माणसांत तो एवढंच म्हणाला, "खोंडच तसं निघालं."

तेव्हापासून हरिओमला एक उत्तर ऐकण्याची सवय लागली. तो म्हणे, "मला ऊन सोसत न्हाई." समोरचा म्हणे, "ऊन कुणाला सोसतंय?" प्रार्थनेला मैदानात उभं करणारे सर असंच म्हणाले, बसमध्ये खिडकीची जागा बदलून मागितली तेव्हा कंडक्टर असंच म्हणाला, आणि मुंजीच्या जेवणाला मांडवाबाहेर बसवणारे पाहुणेही असंच म्हणाले. उत्तर खरं होतं, म्हणून त्याच्यापुढे काही बोलता येत नसे.

शाळेत एकदा पेशी शिकवली. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र. हरिओमनं हे वाक्य पाठ केलं, पेपरात लिहिलं, त्याचा मार्क मिळाला आणि तंतुकणिकेशी आपला संबंध संपला असं त्याला वाटलं.

पुढे त्याला सांभाळलं ते रात्रीच्या विजेनं. शेतीच्या मोटारीला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची. रात्रीचा आठवडा आला की अख्खं शिवार कपाळाला हात लावायचं. साप, रानडुकरं, चिखल आणि झोपेचं खोबरं. हरिओम मात्र त्या आठवड्याची वाट बघायचा. आपला हरभरा भिजवून झाला की तो शेजाऱ्याचाही भिजवायचा, मग त्याच्या शेजाऱ्याचा. दिवसा बाहेर पडायचं झालं तर लांब बाह्या, हातमोजे आणि तोंडाभोवती उपरणं. पोरांनी त्याला 'रातराणी' नाव ठेवलं. त्यानं ते मनावर घेतलं नाही. रातराणीला निदान कुणी भर दुपारी बांधावर बसवत नाही.

असा तो लग्नाच्या वयाला आला.

आता मुली बघायला गेलं की मुलीकडचे आधी विचारत, मुलगा पुण्यात कुठं असतो? मुलगा रेणापूरलाच असतो म्हटलं की पोहे लवकर आटोपत. अशी बरीच घरं झाल्यावर देवणीचं स्थळ आलं. मुलीचं नाव तनुजा. तिनं रक्त-लघवी तपासणीचा कोर्स केला होता, नांदेडला एका लॅबमध्ये काही वर्षं काम केलं होतं आणि आता लातूरच्या लॅबमध्ये येणार होती. तिचे वडील उद्धवराव, देवणी जातीच्या बैलांसाठी पंचक्रोशीत नावाजलेले. प्रदर्शनात त्यांच्या बैलानं बक्षीस घेतलं नाही असं वर्ष क्वचित जाई. उद्धवरावांनी हरिओमला उभं करून सगळ्या बाजूंनी पाहिलं. दात तेवढे बघितले नाहीत.

"शेतकरी असून उजळ हाय," ते समाधानानं म्हणाले.

गुणाबाईनं पदर सावरला आणि पोह्यांत लक्ष घातलं.

दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. दिवस मावळला होता, हरिओमला बरं वाटत होतं. त्यानं ठरवून ठेवलेली गोष्ट आधी सांगून टाकली.

"एक सांगायचंय. मला ऊन सोसत न्हाई."

"मलाबी न्हाई," तनुजा म्हणाली.

हरिओमला वाटलं, देवानं जोडी जमवली. तनुजाला वाटलं, मुलगा सरळ आहे, पण बोलायला विषय काढता येत नाही त्याला.

लग्न मे महिन्यात देवणीला ठरलं. त्याआधी हळद लागली. हळद लागलेल्यानं घराबाहेर पडायचं नसतं. हरिओमच्या आयुष्यात पहिल्यांदाच सगळं घर त्याला दटावून सांगत होतं, "उन्हात जाऊ नको रे." तो इतका खूष होता की हळद आठवडाभर लावता येते का असं त्यानं आत्याला विचारून पाहिलं.

मग परण्या आला. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात, तो परण्या. मुहूर्त दुपारचा, म्हणून परण्याही दुपारचा. डोक्याला फेटा, कपाळाला बाशिंग, त्यानं तोंड बरंचसं झाकलं. उरले हात. हरिओमनं खिशातून पांढरे हातमोजे काढले.

त्याचा मामा शिवमूर्ती घोड्याजवळच उभा होता. त्यानं झडप घालून मोजे हिसकावले.

"डोस्कं फिरलं का तुझं? मोजे घातलेला नवरदेव कुणी बघितलाय? लोकं म्हणतील हातावर कोड हाय."

"मामा, लई जळतंय ओ."

"अरे, मांडवातून माघारी धाडतील! गुणाबाई, सांग की ह्याला."

गुणाबाईनं पोराकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं. "थोडा दम धर बाबा," ती म्हणाली. "देऊळ हे काय दिसायलंय."

देऊळ खरंच दिसत होतं. पण परण्याचा नियम असा की मित्र जितका वेळ नाचतील तितका वेळ घोडं उभं राहतं. आणि हरिओमला मित्र भरपूर होते, कारण त्यानं सगळ्यांची रानं भिजवली होती. प्रत्येकाला त्याच्यापुढे मन भरून नाचायचं होतं. घोडं दोन पावलं चाले आणि थांबे. डीजेवाला गाणं संपवी आणि मित्र तेच गाणं पुन्हा लावायला सांगत. हरिओमनं दोन्ही हात शेरवानीच्या बाह्यांत ओढून पाहिले, तर मामानं खालून कट्यार हातात नीट धरायला लावली. सगळ्यांना दिसली पाहिजे.

देवळात पोचल्यावर नवरदेव गाभाऱ्यात शिरला तो बाहेरच येईना. गार फरशीवर तळहात टेकून तो पालथा पडला होता. "पोरगा लई भाविक हाय," उद्धवराव पाहुण्यांना म्हणाले. हे त्यांचं जावयाबद्दलचं त्या दिवशीचं शेवटचं चांगलं वाक्य.

अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेवाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नवरी कोरडी होती. हार घालायची वेळ आली तर त्याची बोटं मिटेनात. हार तनुजाच्या पायाशी पडला. तिच्या चुलतभावानं कुणालातरी विचारलं, "सकाळपासूनच का?"

पंगत बसली आणि नवरदेव दिसेना. तिकडे मठ्ठ्याची आरोळी सुरू झाली. "मठ्ठा! मठ्ठा कुठाय?" वाढपी येईना म्हणून उद्धवराव स्वतः मांडवामागं आचाऱ्याकडे गेले. तिथं बर्फाची ढेकळं टाकून गार केलेल्या मठ्ठ्याचं पिंप होतं. पिंपापुढं फेटा बांधलेला त्यांचा जावई गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत मठ्ठ्यात. आचारी ओगराळं धरून नुसता उभा होता.

"पाव्हणं," उद्धवराव म्हणाले, "काय करायलाव?"

"गार करायलोय."

"काय?"

"हात."

उद्धवरावांनी पिंपात पाहिलं. बाशिंगाचं एक फूल कोथिंबिरीच्या शेजारी तरंगत होतं.

त्या दिवशी देवणीत पंगत मठ्ठ्याविना उठली. गावात दुसरा विषय उरला नाही.

पाठवणीच्या वेळी उद्धवराव लेकीला म्हणाले, आणि गाडीत बसलेल्या हरिओमला ऐकू जाईल असंच म्हणाले, "मांडवपरतणीला न्यायला येतो. परत धाडायचं का न्हाई ते मग बघू. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाला मी बैल इकत न्हाई, पोरगी कशी देऊ?"

लग्नानंतर नवरी काही दिवसांनी माहेरी जाते आणि नवरा तिला परत आणतो, ही मांडवपरतणी. हरिओमला आता कळलं होतं की आपली बायको त्या दिवशी जाईल आणि यायची नाही. आणि वेडा नाही हे सिद्ध करायला त्याच्याकडे एकच वाक्य होतं, जे आजवर कधी उपयोगी पडलं नव्हतं.

रेणापूरला आल्यावर तो हात बादलीत घालून बसला. बोटं हळदीच्या कांड्यांसारखी सुजली होती. तनुजा थोडा वेळ दारात उभी राहिली. मग आत आली.

"दारू पिता?"

"न्हाई."

"मग हे काय?"

"सांगितलं होतं की. गच्चीवर."

तनुजाला गच्ची आठवली. तिचा चेहरा उतरला.

"मला सोसत न्हाई म्हणजे मी स्कार्फ बांधते ओ," ती म्हणाली. जरा थांबून तिनं विचारलं, "तुम्हाला सोसत न्हाई म्हणजे नेमकं काय होतं?"

हे हरिओमला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कुठून सुरू करावं तेच त्याला कळेना. मग तो बोलत सुटला आणि बादलीतलं पाणी कोमट झालं तरी बोलत राहिला. ती मधूनच विचारत होती. काचेतून आलेल्या उन्हानं होतं? होतं. सावलीत उभं राहून गरम हवेनं होतं? नुसत्या हवेनं न्हाई, पण आधीच जळालेलं असलं तर चुलीची धगसुद्धा सोसत न्हाई. घरात आणखी कुणाला? आजोबाचा एक भाऊ होता, तो दिवसभर मारुतीच्या देवळातून बाहेर पडत नसे. लोक त्याच्या पाया पडत.

तनुजानं त्याचा हात उचलून पाहिला. पेरांवरचं कातडं म्हाताऱ्या माणसासारखं जाड आणि सुरकुतलेलं होतं. बाकी माणूस तरणा. तिनं नांदेडला आपल्या जुन्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घेऊन ये. दिवस उगवायच्या आधी निघा."

मांडवपरतणीला उद्धवराव आदल्या संध्याकाळीच जीप घेऊन हजर झाले. त्यांनी चहा घेतला, पण बशीत ओतला नाही, म्हणजे मुक्काम मनापासून नव्हता.

"अण्णा, मी येते," तनुजा म्हणाली, "पण नांदेडवरून. ह्यांना मॅडमना दाखवायचंय."

"कशाला?"

"डोक्यावर परिणाम हाय का न्हाई ते कळंल."

उद्धवरावांनी विचार केला. डॉक्टरनं तसं तोंडानं सांगितलं तर पुढचं सोपं जाईल. "चला," ते म्हणाले. अशा रीतीनं दोन्हीकडची माणसं एकाच जीपमधून उलट कामांसाठी नांदेडला निघाली. गुणाबाईनं भाकरी बांधून घेतली. ग्यानोबा बैलं सांभाळायला घरी राहिला. पोराला शिकवायचा एक प्रयत्न त्याचा झालेला होता.

अहमदपूर अंधारात मागं पडलं. लोह्याच्या अलीकडे सूर्य समोरच्या काचेतून थेट आत आला. मागच्या सीटवरून कण्हल्यासारखा आवाज झाला.

"काच बंद हाय की," उद्धवराव वळून म्हणाले.

"काचेनं भागत न्हाई," तनुजा म्हणाली आणि तिनं नवऱ्यावर गोधडी टाकली. मे महिन्यात, गोधडीखाली, दोन्ही हात पोटाशी धरून हरिओम नांदेडपर्यंत आला. उद्धवराव आरशातून त्या गोधडीकडे बघत राहिले. नाटक करणारा माणूस मे महिन्यात गोधडी घेणार नाही, एवढं त्यांना बैलांवरूनही कळत होतं.

लॅबच्या मनस्विनी मॅडम बुटक्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हरिओमचे हात पाहिले, पेरं दाबून पाहिली, रक्त काढलं आणि काढल्या काढल्या ती नळी चंदेरी कागदात गुंडाळली. मग उठून खिडकीचा पडदा ओढला.

हरिओम त्या गुंडाळलेल्या नळीकडे बघत राहिला. न मागता कुणीतरी सावली केली होती.

"बाई, त्याच्या रक्तालाबी ऊन सोसत न्हाई का?" गुणाबाईनं विचारलं.

"रक्तालाच सोसत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून त्याला सोसत नाही."

वरच्या मजल्यावर कातडीचे डॉक्टर होते. त्यांच्याकडून मॅडमनी नायटा बघायचा जांभळा दिवा मागून आणला. रक्ताच्या थेंबात दोन औषधं घालून हलवलं तसा वर पातळ थर जमला. खोलीत अंधार करून दिवा धरला आणि तो थर गुलाबी-लाल चमकायला लागला. निखाऱ्यावर फुंकर मारावी तसा.

उद्धवराव खाकरले.

"ह्या दिव्याखाली सगळ्यांचंच लाल दिसत असंल."

"नाही."

"माझं लावा."

"अण्णा!"

"लावा म्हणतो ना." त्यांनी बाही वर केली. मॅडमनी त्यांचं रक्त घेतलं, तीच औषधं घातली, तोच दिवा धरला. काही नाही. मळकट पाणी. उद्धवरावांनी नळी हलवायला लावली, दिवा जवळ धरायला लावला. तरी काही नाही. प्रदर्शनात बक्षीस न मिळालेल्या माणसासारखे ते मागे टेकले.

"आता सांगा," ते म्हणाले.

"बैलगाडीचं चाक आठवा," मॅडम म्हणाल्या. "लाकडाचं."

"आता टायर असतात."

"टायरच्या आधीचं."

"हाव. बोला."

"रक्त लाल असतं ते हीम नावाच्या एका बारक्या वस्तूमुळे. ती असते चाकासारखी, आणि मधोमध लोखंडाचा कण बसवलेला. लोखंड असलं तरच ते चाक प्राणवायू वाहून नेतं. आता हे चाक बनतं कुठं? पेशीत तंतुकणिका असतात..."

"पेशीचे ऊर्जाकेंद्र," हरिओम म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं त्यालाही नवल वाटलं.

"बरोबर. पण तो त्यांचा मुख्य धंदा. चाकं करणं हा जोडधंदा. शेतीबरोबर दूध असतं तसं. चाकाचं पहिलं लाकूड त्यांच्याकडेच तासलं जातं, कारण कच्चा माल त्यांच्याच भट्टीतून निघतो. मग ते लाकूड बाहेर पेशीच्या अंगणात जातं, तिथं जोडून गोल होतं. आणि शेवटच्या कामाला पुन्हा आत, तंतुकणिकेतच येतं. लोखंड तिथं बसतं."

"एवढी ये-जा कशाला? एका जागी करावं की."

"ते मलाही माहीत नाही. पण आपल्या सगळ्यांच्यात असंच चालतं."

"सरकारी दिसतंय," उद्धवराव म्हणाले.

"लोखंड बसवणारा एक कारागीर असतो. तुमच्या जावयाकडे तो कमी पडतो, जन्मापासून. बरीच चाकं लोखंडाशिवाय तशीच रक्तात सुटतात. रक्ताबरोबर कातडीपर्यंत जातात. त्यांच्यावर ऊन पडलं की ती आतल्या आत पेटतात. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही."

"मग लोखंड देऊ की त्याला," गुणाबाई घाईनं म्हणाली. "गूळ-शेंगदाणे, खजूर..."

"लोखंड आहे, बाई. बसवणारा कमी आहे."

हरिओम अजून विझलेल्या दिव्याकडे बघत होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "झाडाच्या पानातही साधारण हेच चाक असतं. त्यात लोखंडाऐवजी मॅग्नेशियम बसतं. ते उन्हावरच पोट भरतं."

"म्हणजे मी झाड होता होता राहिलो."

"तसं म्हणता येईल."

"आन् डोस्कं?" उद्धवरावांनी विचारलं. शेवटी ते त्याच कामाला आले होते.

"डोकं ठीक आहे."

"बरा होईल का?"

"नाही. जन्माचं दुखणं आहे. ऊन चुकवायचं, अंग झाकायचं, आणि दर वर्षी लिव्हर तपासायचं. तेवढं मात्र चुकवायचं नाही. मोठ्या लॅबलाही नमुना पाठवते, पण तिथून वेगळं काही येणार नाही."

गुणाबाईनं दोन्ही हात जोडले. "जन्माचं हाय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "आजारच निघाला, बघा. सोंग न्हाई." मग एकाएकी तिला काहीतरी आठवलं असावं. बांध आठवला असेल, किंवा मामाच्या हातातले मोजे. ती पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

जरा वेळानं ती खाली गेली आणि पेढे घेऊन आली. लॅबमधल्या पोरींनी विचारलं, काय झालं? गुणाबाईनं सांगितलं, मुलाला आजार झाला. पोरींनी पेढे हातातच धरून ठेवले.

उद्धवरावांनी पेढा घेतला नाही.

"आजार हाय म्हणजे लपवला तुम्ही," ते म्हणाले. "फसवणूकच झाली ही, विहीणबाई."

"आम्हालाच ठावं नव्हतं ओ," गुणाबाई म्हणाली.

"ऊन सोसत न्हाई एवढं तर ठावं होतं?"

ते ठाऊक होतं. हरिओम उठून उभा राहिला. तो सासऱ्यांना म्हणाला, "मामा, खरंय तुमचं. घेऊन जा त्यांना." आणि आयुष्यभर जे वाक्य त्याला इतरांनी ऐकवलं होतं तशाच सुरात म्हणाला, "असला नवरा कुणाला सोसंल?"

"तुम्ही बसा," तनुजा म्हणाली. हरिओम बसला. ती वडिलांकडे वळली. "अण्णा, ह्यांनी मला गच्चीवर सांगितलं होतं. पहिलंच वाक्य. मीच ऐकलं न्हाई. मग फसवलं कुणी? आन् रक्ताचं काम करणारी मी. मी ऐकलं न्हाई तर सासूबाईंना काय बोलायचं?"

"पोरी, जन्माचं हाय म्हणतायत."

"लग्नबी जन्माचंच हाय. मला तर मठ्ठ्यात हात घालणारा माणूस समजून घ्यायचा होता. समजला. आता मोजे घातलेला नवरा चालतो मला."

उद्धवरावांनी पेढा उचलला, अर्धा खाल्ला. "आज ती माझ्यासंग येणार," ते म्हणाले. "रीत हाय. आन् न्यायला तुम्ही यायचं, पाव्हणं. पण दिवसाढवळ्या. गावानं मठ्ठा दिवसा बघितलाय. अंधारात आलाव तर म्हणतील, तोंड लपवून नेली."

तनुजा बोलायला गेली, पण हरिओमनं मान हलवली. "येतो," तो म्हणाला.

गोधडी घेऊन तो संध्याकाळच्या गाडीनं आईबरोबर रेणापूरला परतला.

देवणीला जायचा दिवस आला. मोठ्या लॅबचा निरोपही तोवर आला होता आणि तो मॅडमच्या म्हणण्यासारखाच होता. हरिओम निघाला तेव्हा त्याच्या हातात शिवमूर्ती मामानं परत आणून दिलेले पांढरे मोजे होते, त्यांच्यावर दुसरे काळे मोजे, डोक्याला उपरणं, त्यावर टोपी आणि वर काळी छत्री. मामा स्वतः बसस्टँडवर सोडायला आला होता. "दुसरा जोड खिशात असू दे," एवढंच तो म्हणाला.

देवणीच्या स्टँडवर उतरला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सासऱ्याच्या घरापर्यंतची गल्ली सरळ, रुंद आणि तिच्यात एक झाड नाही. चार पावलं गेला आणि नाकाचा शेंडा चुरचुरायला लागला. लोक ओट्यांवर येऊन बघत होते. हाच तो मठ्ठ्यातला, असं कुणीतरी म्हणालंही.

समोरून एक निळी ताडपत्री चालत येत होती.

चार कोपऱ्यांना चार गडी, प्रत्येकाच्या हातात एक काठी, आणि पुढं उद्धवराव. प्रदर्शनाला बैल नेताना त्याच्यावर धरायची ती ताडपत्री. ते थांबले नाहीत, नमस्कार-चमत्कार केले नाहीत. ताडपत्री हरिओमच्या डोक्यावर आली तशी चौघे जागच्या जागी वळले आणि सगळे मिळून घराकडे चालायला लागले.

"उद्धवराव, हे काय नवीन?" एका ओट्यावरून म्हातारा ओरडला.

"जावयाला ऊन सोसत न्हाई."

"ऊन कुणाला सोसतंय?"

उद्धवराव थांबले. चारी गड्यांना थांबावं लागलं, हरिओमलाही.

"तुम्हाला सोसतंय, गुरुपादप्पा," उद्धवराव म्हणाले. "तुमचं रक्त दिव्याखाली धरलं तर मळकट पाणी निघंल. माझंबी तसंच निघालं. ह्यांच्यात लोखंड बसवणारा माणूस कमी हाय. तंतुकणिकेत."

"कुठं?"

"तंतुकणिकेत. अहमदपूरच्याबी पल्याड." आणि ते पुढं चालू लागले.

घरात जेवणाची पानं मांडली होती. तनुजा वाढत होती. तिनं नवऱ्याचे मोजे उतरवून घेतले, हात उलटसुलट करून पाहिले आणि हसली. बोटं जेमतेम लाल होती.

पाटाशेजारी मठ्ठ्याची दोन भांडी होती. हरिओमनं त्यातलं मोठं, बर्फ घातलेलं पातेलं पानाजवळ ओढलं तसं उद्धवरावांनी त्याचा हात धरला.

"हे न्हाई. प्यायचं ते बारकं," ते म्हणाले. "हे हातासाठी."